शेळीचा मान

मराठीने शेळीला कधी फारसा मान दिला नाही. ती बिचारी जिवानिशी जाते आणि खाणारा म्हणतो वातड. तिच्या शेपटाने ना माश्या वारल्या जात, ना अब्रू झाकली जात. कामातलं ज्यांना काही कळत नाही ते उंटावर चढून बसतात आणि तिथून हाकतात त्या शेळ्याच. उंटावरून कुणी गायी हाकल्याचं ऐकिवात नाही. गाय माता झाली, म्हशीला डेअरीवाल्यांनी फॅटप्रमाणे भाव दिला, शेळीच्या वाट्याला आलं ते ‘गरिबाची गाय’ एवढंच बिरूद. दूध द्यायचं तेही लहान पोरांना आणि आजाऱ्यांना. डेंग्यूची साथ आली की शहरातली माणसं अचानक शेळी शोधत फिरतात, कारण तिच्या दुधाने प्लेटलेट वाढतात असं त्यांना कुणीतरी छातीठोकपणे सांगितलेलं असतं. डॉक्टर कपाळाला हात लावतात, दुधाचा भाव चढतो, साथ ओसरते आणि शेळी पुन्हा बाभळीखाली.

फ्रान्समध्येही ती गरिबाचीच गाय. ल्वार नदीच्या खोऱ्यात द्राक्षमळ्यात राबणारं कुटुंब चार शेळ्या बाळगून असायचं. बांधावरचं, उतारावरचं, जे कुणालाच नको असं खुरटं खाऊन त्या दूध द्यायच्या, घरची बाई त्याचं चीज करायची, आणि मळ्यावर जाणारा ते पावाबरोबर फडक्यात बांधून न्यायचा. त्या चीजचं घराणं एवढंच. आज त्याच चीजला सरकारी मानांकन आहे. ते कुठल्या हद्दीत बनलं पाहिजे, शेळी कोणत्या जातीची, दूध कच्चं की तापवलेलं, किमान किती दिवस मुरवायचं, सगळं नियमांत लिहिलेलं आहे. ते कसं कापावं, किती थंड असावं आणि सोबत कोणती वाइन घ्यावी, यावर तर माणसं इतक्या गांभीर्याने बोलतात की शेळीने ऐकलं तर ती रवंथ थांबवेल.

मानांकन मिळालेली शेळीची चीजं फ्रान्समध्ये डझनाहून अधिक आहेत, पण राजधानी म्हणायची तर ल्वारचं खोरंच. तिथल्या मंडळींनी चवीइतकंच आकारावर डोकं चालवलेलं दिसतं. शाविन्योल गावचं क्रोतां म्हणजे तळहातात मावणारी जाडसर चकती, साठ-सत्तर ग्रॅमची. पुलिन्यी-सें-पिएरचा उंच निमुळता मनोरा. त्याला लोक लाडाने आयफेल टॉवर म्हणतात. सेल-स्यूर-शेर ही राख फासलेली बसकी टिकली. सेंत-मोर हा लांब ओंडका; त्याच्या पोटातून आरपार राय धान्याची काडी गेलेली असते आणि काडीवर बनवणाऱ्याची खूण कोरलेली असते. काडी मुळात ओंडका मोडू नये म्हणून. आता नकली माल ओळखायलाही तिचाच उपयोग होतो.

व्हालांसेची गंमत वेगळी. हा पिरॅमिड, पण माथा उडवलेला. दंतकथा अशी की इजिप्तच्या मोहिमेत नाक कापून घेतलेला नेपोलियन व्हालांसेच्या वाड्यात आला, ताटात पिरॅमिड पाहून भडकला आणि तलवारीने त्याने शेंडा छाटला. दुसरी दंतकथा म्हणते, वाड्याचा मालक तालेराँ हा मुरलेला मुत्सद्दी. धन्याला जखमेची आठवण नको म्हणून त्यानेच आधी शेंडे उडवायला सांगितले. तालेराँने तो वाडा 1803 साली घेतला हे खरं. बाकी गोष्टीवर माझा विश्वास नाही, पण दोन्हींतली निवडायची तर मी दुसरी निवडेन. साहेब येण्यापूर्वी त्यांना काय खुपेल ते टेबलावरून उचलून ठेवणारी माणसं कुठल्याही कचेरीत दिसतात. तलवारीने चीज कापणारी सहसा दिसत नाहीत.

हे चीज बनतं कसं, ते आमच्या आत्याने एका घासात ओळखलं होतं. ताज्या शेळीच्या चीजचा तुकडा तिने जिभेवर ठेवला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, “अरे, हा चक्का आहे. मीठ घालून वाया घालवलेला.” निम्मं वाक्य शास्त्रशुद्ध आहे. गायीच्या दुधाची पुष्कळ चीजं रेनेट घालून तासाभरात गोठवतात. शेळीच्या या चीजमध्ये रेनेटचे नुसते थेंब. खरं काम विरजणाचं. आदल्या दिवसाची निवळी थोडी घालायची, साधारण वीस अंशांवर दूध एक दिवसभर शांत राहू द्यायचं, मग नाजूक दही पळीने भोकाभोकांच्या साच्यात भरायचं आणि आपोआप निथळू द्यायचं. आपण तिथे साखर आणि वेलची घालून मोकळे होतो. ते मीठ लावून वाट पाहतात. क्रोतांला निदान दहा दिवस थांबवतातच. तेवढ्यात ते बाहेरून सुरकुततं आणि आंबटपणाच्या मागे सुक्या मेव्याची चव उभी राहायला लागते. आणखी काही आठवडे गेले की ते इतकं कडक होतं की किसून खावं लागतं.

राखेचंही तसंच. पाहुण्याला वाटतं, खाली पडलेलं चीज तसंच वाढलंय. ती लाकडी कोळशाची बारीक पूड असते, मिठात कालवलेली. ताज्या चीजचा पृष्ठभाग फार आंबट असतो, त्यावर हवी ती बुरशी बसायला तयार नसते. राख तो आंबटपणा थोडा मारते, आणि मग वर करडी-निळसर साय धरते. ही साल खातात. सोलून ठेवणारा माणूस ताटातल्या निम्म्या चवीला नाही म्हणत असतो. पण जोर करू नये, राख खायला मन धजावायला वेळ लागतो.

आत्याचा दुसरा आक्षेप वासाचा होता. “बोकड शेजारी बांधला होता का रे?” असं तिने स्पष्ट विचारलं. प्रश्न अगदी योग्य होता. शेळीच्या दुधातल्या स्निग्धांशात काही छोटी मेदाम्लं गायीच्या दुधापेक्षा जास्त असतात, आणि चीज मुरताना ती मोकळी होतात तेव्हा तो ओळखीचा उग्र वास येतो. त्यातून बोकडाचा सहवास असेल तर विचारायलाच नको. म्हणून नीट शेळीपालन करणारे दुभत्या शेळ्यांपासून बोकड लांब ठेवतात. चांगल्या ताज्या चीजमध्ये हा वास नुसता मागून डोकावतो. डोकावण्याऐवजी तो दार ढकलून आत आला, तर दुकानदाराला चीज परत करावं आणि त्याला आत्याचा प्रश्न विचारावा.

आता वाढण्याकडे वळू, कारण खरा घोळ तिथे होतो. फ्रिजमधून काढलेलं चीज लगेच ताटात ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. थंडीत स्निग्धांश कडक होतो, वास दबून राहतो आणि उरतो तो आंबट खडू. म्हणून तासभर आधी बाहेर काढावं, असं जाणकार सांगतात. हे तिकडच्या तासाचं गणित. पुण्यात थंडी असेल तर तास, उन्हाळ्यात वीस मिनिटं, आणि नागपूरकरांनी मे महिन्यात हा नियम अजिबात पाळू नये. चमच्याने खावं लागेल.

मग कापणं. मऊ ओंडक्याला सुरी चिकटते, म्हणून ताणलेल्या तारेने किंवा साध्या दोऱ्याने कापतात. अनेक घरांत दात साफ करायचा दोरा वापरतात, त्याने चकत्या सुरेख पडतात. फक्त तो पुदिन्याच्या वासाचा नाही ना, हे आधी बघावं. गोल चकती आणि पिरॅमिड मध्यापासून कडेपर्यंत उभ्या फाकांत कापतात, म्हणजे प्रत्येकाला थोडी साल, सालीखालचा मऊ लोण्यासारखा पट्टा आणि मधला खडूसारखा गाभा, असं सगळं मिळतं. त्रिकोणी तुकडा असेल तर त्याचं टोक कुणी एकट्याने कापून घ्यायचं नाही. फ्रेंच घरांत या गोष्टीला जबर महत्त्व आहे. एका जेवणाला आमच्यातल्या एका धडाडीच्या गृहस्थाने ते टोक सफाईने उडवून स्वतःच्या ताटात घेतलं. यजमानीणबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त तो ट्रे उचलला आणि पुढच्या पाहुण्यासमोर उलट बाजूने धरला. फ्रेंच रागाचा हा पुरता आविष्कार होता म्हणे.

त्या ट्रेचं आणखी एक शिस्तीचं कलम आहे. तिथे चीज मुख्य जेवणानंतर आणि गोडाच्या आधी येतं, आणि ट्रे एकदाच फिरतो. दुसऱ्यांदा घेणं म्हणजे आधीचं जेवण पुरलं नाही, असं यजमानाला सुचवणं. आपल्याकडे दुसऱ्यांदा न घेणं हा अपमान, तिसऱ्यांदा नको म्हणणं हा रुसवा, आणि चौथ्या वेळी हात आडवा धरला तर बोटांवर वाढतात. या दोन संस्कृतींतली माणसं एकाच टेबलावर बसली की एक उपाशी उठतो आणि दुसरा घाबरून. ट्रेवर अनेक चीजं असतील तर आधी सौम्य आणि शेवटी उग्र हा क्रम. म्हणजे शेळीचं ताजं चीज बहुधा पहिलं. निळ्या बुरशीचं रॉकफोर खाऊन मग शेळीचं ताजं चीज खाल्लं, तर ते जिभेला लागतच नाही.

सोबत काय? भाजलेल्या पावावर क्रोतां ठेवून वरून आच द्यायची, कडा तपकिरी झाल्या की ते आंबटसर पाल्याच्या सॅलडवर ठेवायचं, अक्रोड टाकायचे. फ्रेंच बिस्त्रोंमध्ये हा पदार्थ नाही असं होत नाही. अमेरिकेने हे चीज उशिरा पाहिलं. कॅलिफोर्नियात लॉरा शनेल ही बाई फ्रान्सला जाऊन ते शिकून आली, आणि बर्कलीत ॲलिस वॉटर्स यांच्या ‘शे पानिस’मध्ये पावाच्या चुऱ्यात घोळवून भाजलेलं तिचं चीज सॅलडवर आलं. 1980 च्या सुमाराची गोष्ट. नंतर ते तिकडे इतकं पसरलं की बीट आणि शेळीचं चीज ही जोडी हॉटेलोहॉटेली कंटाळा येईपर्यंत वाढली गेली. कंटाळा आला तरी जोडी चूक नाही. बिटाची मातकट गोडी आणि हा आंबट खारटपणा एकमेकांची खोड मोडतात. पेअर चालतं, अंजीर चालतं, मिरपूड आणि चांगलं तेल तर कायमच.

मधाचं मात्र मला पटत नाही. हल्ली ज्याच्या-त्याच्या ट्रेवर शेळीचं चीज मधाने न्हाऊन निघालेलं असतं. उग्र, मुरलेल्या चीजवर थेंबभर मध समजू शकतो; त्या भांडखोराला तेवढी समजूत पुरते. पण ताज्या चीजचं सगळं वैभवच त्याच्या आंबटपणात. ते गोडात बुडवायचं असेल तर श्रीखंड काय वाईट आहे? तेही स्वस्तात मिळतं.

आणि वाइन. इथे जगभरच्या तज्ज्ञांचं कधी नव्हे ते एकमत होतं: शाविन्योलचं क्रोतां आणि शेजारच्या सांसेरची पांढरी वाइन. सांसेर हे टेकडीवरचं गाव, शाविन्योल त्याच्याच हद्दीतली वाडी, चालत गेलं तर तासाच्या आत. तिथला चढ असा की वाडीवरच्या मळ्याच्या एका उताराला ‘शापित डोंगर’ असं नाव पडलंय. त्या चुनखडीच्या उतारावर सॉव्हिन्यों ब्लां हे द्राक्ष लावतात. त्याची वाइन धारदार आंबट, नुकत्याच कापलेल्या गवताच्या वासाची. आंबटाबरोबर आंबट घेतलं की दोन्हींची धार बोथट होते. चीजपुढे वाइन गोलसर लागते, आणि चीजचा जिभेवर बसलेला थर वाइन धुऊन काढते. तांबडी वाइन इथे नडते. तिच्यातलं टॅनिन ताज्या आंबट चीजला भेटलं की तोंडात कडवट, लोखंडी चव येते. तरी ‘चीज म्हटलं की रेड वाइन’ हा समज काही सुटत नाही. अगदीच तांबडी हवी असेल तर त्याच खोऱ्यातली शिनोंची हलकी वाइन घ्यावी, आणि चीज चांगलं वाळलेलं.

सांसेर आणि क्रोतां यांची ही जोडी सनातन आहे, असं जो-तो सांगतो. एकाच मातीतून उगवलेली, शतकानुशतकांची. इथे मला इतिहास थोडा खट्याळ वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सचे मळे मुळापासून खाल्ले. त्याआधी सांसेर भागात मुख्यतः तांबडी वाइन व्हायची, पिनो न्वारची. मळे नव्याने उभे केले ते अमेरिकन मुळांवर कलमं बांधून, आणि तेव्हा सॉव्हिन्योंने तिथे खरा जम बसवला. पांढऱ्या सांसेरला मानांकन मिळालं 1936 साली, क्रोतांला 1976 साली. म्हणजे किडीआधीचा मळेवाला जे चीज फडक्यात बांधून न्यायचा, त्यासोबत तो बहुधा तांबडीच पीत होता, आणि त्याला लोखंडी चव लागते असं सांगायला कुणी तज्ज्ञ तेव्हा जन्माला आला नव्हता. सनातन म्हणवल्या जाणाऱ्या कितीतरी चालींचं वय असं पणजोबांपर्यंतच जातं. म्हणून जोडी खोटी ठरत नाही. चव खरी आहे, फक्त वंशावळ जरा फुगवलेली आहे.

आपल्याकडे शेळीच्या दुधाला एकदाच राष्ट्रीय प्रतिष्ठा मिळाली, ती गांधीजींमुळे. त्यांनी दूध सोडण्याचं व्रत घेतलं होतं. मोठ्या आजारातून उठताना मुंबईत डॉक्टर म्हणाले, दूध घेतल्याशिवाय शक्ती येणार नाही. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली: व्रत करताना मनात गाय आणि म्हैस होती, शेळीला काय हरकत? गांधीजींनी मानलं, आणि आपण व्रताची अक्षरं तेवढी पाळली ही बोच आत्मकथेत लिहूनही ठेवली. पुढे सेवाग्रामच्या आश्रमापर्यंत शेळीचं दूध त्यांच्याबरोबर राहिलं. त्याचं चीज करून सोबत वाइनचा विचार करावा, हे तिथे कुणाला सुचणं शक्यच नव्हतं. आणि आज सुचलं तरी उपयोग नाही, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे.

नाशिकमध्ये मात्र गोष्ट जमून आली आहे, नुसतं कुणी तिकडे पाहत नाही. सुला वाइनयार्ड्सने 2000 साली बाजारात पहिल्या वाइन आणल्या त्या सॉव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लांच्या. दोन्ही द्राक्षं मूळची फ्रान्सची, आणि ल्वारच्या खोऱ्याशी दोघांचंही जुनं नातं. मुळं इथेही पुष्कळदा परकीच. आपला बागायतदार ज्याला सहज ‘डॉगरिजवरचं कलम’ म्हणतो, ती मुळं अमेरिकनच. फ्रान्समध्ये ती किडीसाठी घेतली, इथे पाण्याचा ताण आणि क्षार सोसावेत म्हणून. बाकी वेळापत्रक उलटं. तिकडे वर्षाला एक छाटणी आणि सप्टेंबरच्या आसपास काढणी. इथे एप्रिलला खरड छाटणी, पावसाळ्यानंतर गोडी छाटणी आणि थंडी सरता सरता काढणी, तीही ऊन चढायच्या आत, कारण उन्हात द्राक्षाचा आंबटपणा भराभर उतरतो आणि आंबटपणाशिवाय या वाइनला विचारतो कोण.

आणि शेळी? संगमनेरी शेळी याच पट्ट्यातली, नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यांतली, मांस आणि दूध दोन्हींसाठी पाळली जाणारी. मराठवाड्यात काळीभोर उस्मानाबादी आहे. फ्रान्सच्या शेळ्या दिवस लहान व्हायला लागले की गाभण राहतात आणि थंडीत आटतात. आपल्याकडे बाराही महिने कुठे ना कुठे शेळी वितच असते. द्राक्ष आलं, यंत्रं आली, पर्यटकांसाठी झोपाळे आणि सेल्फीच्या जागा आल्या. 2022 साली सरकारने सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा वाइन ही दारू की शेतमाल यावर आख्खा महाराष्ट्र भांडला. त्या भांडणात वाइनबरोबर खायचं काय, हा प्रश्न एकाही पक्षाने मांडला नाही. मळ्यातल्या टेबलावर अजून बहुतेक वेळा चिली चीज टोस्ट आणि फ्रेंच फ्राइज येतात.

नाशिकच्या एखाद्या बागायतदाराने हे मनावर घ्यावं असं मला फार वाटतं. चार-दोन घरांचं दूध एकत्र करायचं, बोकड लांब बांधायचा, स्वच्छता काटेकोर ठेवायची, आणि सुरुवातीला मुरवण्याच्या फंदात न पडता ताजं चीज विकायचं. चक्का बांधणाऱ्या हातांना हे शिकायला वेळ लागणार नाही. पिरॅमिड वगैरे नंतर.

तोवर मोठ्या शहरांतल्या दुकानांत शेळीचं ताजं चीज मिळतं, ते आणावं. नाशिकची सॉव्हिन्यों आठ-दहा अंशांपर्यंत गार करावी, चीज गार करू नये. पाव भाजावा, अक्रोड फोडावेत, मिरपूड ताजी दळावी, दोरा बिनवासाचा घ्यावा. बेत ठरला तर मला जरूर बोलवा. फक्त मधाची बाटली टेबलावर नको.